चौदा वर्षांची फेरी

फाटकाची कडी आधी वर उचलायची,
मग जरा डावीकडे ओढायची.
हे फक्त एनिड पॅजेटला माहीत.
आम्ही नऊ जण, एक बहिरा कुत्रा,
आणि सफोकचा मे महिन्यातला चिखल,
जो एकदा धरलेला गमबूट सोडत नाही.

"हा बांध," ती काठी टेकवते,
"मठातल्या लोकांनी घातला, आठशे वर्षं झाली.
हरणांनी कोवळं खाऊ नये म्हणून."
आता कमरेएवढा उंचवटा उरलाय,
शेवाळाने मऊ, म्हाताऱ्या जनावराच्या पाठीसारखा.
आतलं कुणाचं नि बाहेरचं कुणाचं
यावरून इथेही डोकी फुटली असणार.
बांधाची भांडणं काही एकाच मुलखाची नसतात.

पुढे माती एकदम काळी.
इथे कोळशाच्या भट्ट्या लागायच्या.
बँकेतून निवृत्त झालेला लेनर्ड वाकून चिमूटभर उचलतो,
बोटांत चोळतो, आणि नकळत
विजारीला पुसतो.
आता दिवसभर त्याच्या मांडीवर
कुणा अनोळखी माणसाच्या रात्रपाळीचा डाग.

ब्लूबेल आहेत, अर्थात.
त्यांच्याबद्दल मी काही लिहिणार नाही.
निळी म्हणावीत तर जांभळी,
जांभळी म्हणेपर्यंत
ऊन सरकतं.

मग तो हेझलचा खुंट.
बैलगाडीच्या चाकाएवढा घेर, मधून पोकळ,
कडेकडेने बोटभर फुटवे.
"तोडलं नसतं तर कधीच मेलं असतं," एनिड म्हणते.
"दर चौदा वर्षांनी बुंध्याशी तोडत आले, म्हणून आहे."
कुणीतरी म्हणतं, वा!
ती वळून बघते.
"सुविचार नाही हो हा. लाकडाचा हिशेब आहे."

खिशातून वही निघते, मेणकापडात गुंडाळलेली.
एकीकडे साल, दुसरीकडे तोडणाऱ्याचं नाव.
सासऱ्याचं अक्षर शाईतलं, टोकदार.
क्लेमचं बॉलपेनातलं, घाईचं, तीनदा.
चौथ्या ओळीत तिचं स्वतःचं:
गुडघ्याचं ऑपरेशन पुढे ढकलून
याच हिवाळ्यात तोडलंय तिने, हाताने.
पुढची तारीख मात्र लिहायची राहिली होती.

ती पेन्सिल जिभेला लावते.
एक्क्याऐंशी अधिक चौदा.
आम्ही सगळेच मनात बेरीज करतो
आणि सगळेच भलतीकडे बघतो:
कुत्र्याकडे, ढगाकडे,
नारिंगी फुल्या मारलेल्या त्या अ‍ॅशच्या रांगेकडे,
रोगाने पोखरलेल्या.
ती साल लिहिते. ठसठशीत.
नावाचा रकाना तसाच ठेवते, वही मिटते,
म्हणते, चहा कुणी आणलाय का?

परतताना ती मागे पडली.
फाटकाशी आधी मी पोचले.
कडी ओढली. हलेना.
"आधी उचल!" लांबून आवाज आला,
दम लागलेला, चिडका.
उचलली. मग जरा डावीकडे.
बहिरा कुत्रा माझ्या पायांतून
कुणाची वाट न बघता निघून गेला.