दोन पूर्णांक नऊ

जनावराचा ताप बघतात तशी
मागून नळी घातली तिनं
आणि म्हणाली, "ताई, रेस द्या. जास्त नको. तेवढीच. धरून ठेवा."
मी धरून ठेवली.
लाखनीच्या पंपामागची पत्र्याची टपरी,
भिंतीवर लक्ष्मीचं कॅलेंडर, त्याखाली पडदा,
पडद्यावर आकडा चढत गेला
पाच पूर्णांक आठपर्यंत.
हवा होता तीनच्या आत.

"बालाघाटात तर चालत होती," मी म्हणाले.
"तिकडची हवा तिकडं," करिश्मा शहारे म्हणाली.
वय असेल एकवीस. नळी पुसून खुंटीला टांगली.

लग्नात मी भांडी आणली नाहीत, जिप्सी आणली.
बैहरच्या अंगणात बाबांनी तिचं छप्पर
गॅसकटरनं कापलं होतं, तीन पायऱ्यांच्या सीटा जोडल्या होत्या,
मागच्या पाहुण्यालाही वाघ दिसावा म्हणून.
आणि कार्बोरेटरचं जेट केसभर मोठं केलं,
चढावर दमू नये म्हणून.
पोरीच्या हाती गाडी देताना माणूस
थोडं जास्तच पेट्रोल देतो.

तोच धूर आहे हा, कापगते मिस्त्री म्हणाला,
"लय खाते हे. जेवढं खाते तेवढं पचत नाही."
मग आवाज उतरवून,
"प्लेट काढून माह्या भाच्याच्या अल्टोले लावतो.
दोन मिनटाचं काम."

खरं सांगते, पाना मीच आणून दिला.

करिश्मानं फोटो काढला, मोठा केला, बघत राहिली.
अल्टो कालच धुतलेली, आरशासारखी,
आणि प्लेटवर पिटेझरीच्या रस्त्याची लाल माती
बोटभर.
ती हसली नाही, तेच वाईट वाटलं.
प्लेट हातात देऊन म्हणाली,
"जेट बदला. आणि थंडी घेऊन येऊ नका.
साकोलीपासून तापवत आणा. मधे चहाला थांबू नका."

थांबले नाही.
होमेंद्र बाजूला, मांडीवर फाईल धरून,
शिंगाड्याच्या तळ्यावरून वारा येत होता
आणि मी काट्याकडे बघत होते,
पोराला परीक्षेला नेताना
त्याच्याशी कुणी बोलत नाही तसं गप्प.
टपरीसमोर इंजिन बंद न करता उतरले.
नळी. रेस. तेवढीच. धरून ठेवा.
चार. साडेतीन. तीन पूर्णांक एकवर
जरा अडखळला.
दोन पूर्णांक नऊ.

मग भंडारा. साहेबांनी बॉनेट उघडलं,
चेसिस नंबरवर पेन्सिल घासून
ठसा सेलोटेपवर उचलला,
छप्पर का नाही विचारलं, जंगलाचा परवाना बघितला,
पुढच्या खिडकीवर पाठवलं.
तिथं गाडी नाही, मी अडकले.
एनओसीवर केवंती बिसेन,
आधारवर केवंती पटले.
"यातली गाडी कोणाची?"
"दोघींची," मी म्हणाले.
मागे रांगेतला ट्रॅक्टरवाला खो खो हसला.
बाबूनं चष्मा काढून पुसला
आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरचं दुकान
बोटानं दाखवलं.

आता पुढंमागं एमएच छत्तीस.
गेटवरची पोरं एमपीवाली म्हणायची,
अजून म्हणतात.
तलावाच्या चढावर पाहुणे भरलेले असले
की ती धापा टाकते, मी आधीच दुसरा गिअर घेते,
कुणाला कळत नाही.

जुनं जेट पान्यांच्या डब्यात आहे,
विडीच्या कागदात गुंडाळून.
सहा महिन्यांनी परत नळी.
रविवारी बाबांचा फोन येतो.
जावई कसे, पाणी आलं का, हे विचारून झाल्यावर
ते थोडं थांबतात.
"ओढते ना गं?"
"हव," मी म्हणते, "ओढते."