दीड इंच

दिराने न्यू जर्सीहून आणला होता तो ड्रायव्हर.
त्याला झेपेना, म्हणून मला दिला.
नऊ अंशांचा, कडक शाफ्टचा, काळाकुळकुळीत.
सोळा वर्षं मी तो वापरला
दुसऱ्याच्या चपला घालून देवळाबाहेर पडावं तसा,
आणि सोळा वर्षं चेंडू उजवीकडे गेला,
राजवाड्याच्या मैदानातल्या कडुनिंबांत,
मोरांच्या शिव्या खात.

मी काठी वर नेली की रायसंग
बॅग खांद्याला लावून उजवीकडे चालायलाच लागायचा.
टोमणा नव्हता तो.
त्याच्या पायांना माहीत झालं होतं, इतकंच.

आता अलकापुरीत दुकान निघालंय, तळघरात.
जाळी, पडदा, आणि जमिनीवर
टोस्टरएवढं एक यंत्र, टक लावून बसलेलं.
धैवत नावाचा मुलगा, एका कानात बाळी.
त्याने आधी जांभळा काढला, बायकांसाठीचा.
शाफ्ट असा लवचिक की मी मारला आणि
पडद्यावरचा चेंडू डावीकडच्या खोट्या तळ्यात बुडाला.
"ब्याऐंशी मैल," तो यंत्रात बघत म्हणाला,
"आंटी, तुम्ही तर जोरात मारता!"
म्हटलं, बेशुद्ध माणसं टेबलावर ओढण्यात
तीस वर्षं गेली, बाळा. दंड कुठे जातील?

मग साडेदहा अंश, मग बारा.
हलका, मध्यम, शेपटाशी जड.
कासार नुसता हात दाबून माप सांगायचा,
इथे प्रत्येक काकण चढवून बघायचं.

शेवटी त्याने काठीच्या तोंडावर पावडर फवारली,
पायांना घाम येतो त्यांची, पांढरी.
म्हणाला, दहा मारा.
मी उलटे मोजत मारले, जुनी सवय:
दहा, नऊ, आठ...
(साताच्या पुढे माझ्या टेबलावर सहसा कुणी जात नसे.)

पावडरीत दहा ठिपके.
मधे एकही नाही. सगळे टाचेकडे, एकमेकांना खेटून,
थंडीतल्या पिल्लांसारखे.
"चेंडूच्या फार जवळ उभ्या राहता तुम्ही.
जरा मागे सरा."

सरले. पाय गेले मागे,
बाकीची मी तिथेच.

कशी सरणार?
सर्जन पोटाशी, नर्स ट्रेपाशी,
मी डोक्याशी, इतकी जवळ
की यंत्राच्या आधी श्वास मला कळायचा.
मुलगी म्हणते, आई, फोनवरसुद्धा तू अंगावर येतेस.
बरोबर आहे तिचं.
ठिपक्यांनीही तेच लिहून दिलं होतं.

धैवतने कान खाजवला.
"तुम्ही हलत नसाल तर काठी हलवू.
दीड इंच कापतो. डोकं साडेदहाचं, शाफ्ट मध्यम."
करवत चालली. एक तुकडा टेबलावर गडगडला,
काळा, पोकळ, करंगळीपेक्षा आखूड.
तो मी पर्समध्ये टाकला.

शिरीष म्हणाला, पैसे पूर्ण दिलेस
आणि काठी अपुरी आणलीस?

रविवारी सकाळी, पहिल्या होलला
दहा, नऊ,
आणि आवाज वेगळाच आला:
पूर्वी पत्र्याचा डबा पडायचा,
आज नारळ फुटला.
रायसंग सवयीने आठ पावलं उजवीकडे गेलेला.
थांबला. वळून बघितलं,
माझ्याकडे नाही, काठीकडे.
"बेन, आ तमारी छे," एवढंच म्हणाला,
आणि तिरका चालत फेअरवेच्या मधोमध आला,
कुणाच्या तरी घरात शिरल्यासारखा, अवघडून.

तिसऱ्या होलला चेंडू पुन्हा कडुनिंबात.
मोर ओरडला.
आता दिराचं नाव
घेता येणार नाही.