सहा तासांचा दिवस

भाचा चाकणला नोकरीला लागला आणि
दोन फुटी काचेची टाकी आमच्या गळ्यात मारून गेला.
आत वाळू, एक ओंडका, सात झाडं, चार मासे,
आणि चिठ्ठी : मामा, लाइट तेवढा तुमच्या अंदाजानं घ्या.

अंदाज?
चोवीस वर्षं मी या गावाला उजेड भाड्यानं देतोय.
तालमींचे मांडव, हळदी, बारशी,
निवडून आलेल्यांच्या आणि पडलेल्यांच्याही मिरवणुका.
माझ्या हॅलोजनखाली लाल मातीत सुई पडली
तर पैलवानाच्या आधी ती दिसायची.

काढली माळ्यावरची पन्नास वॉटची फ्लड,
ठेवली टाकीवर. सकाळी सात ते रात्री अकरा.
पाणी असं झगमगलं की
गल्लीतली पोरं खिडकीला लोंबकळली.
मंदाकिनी म्हणाली,
मासे लग्नाला आलेत व्हय?

नवव्या दिवशी काचेवर हिरवी साय.
पंधराव्या दिवशी पानांना दाढी.
विसाव्या दिवशी वाकून बघितलं तर
रंकाळ्याचा एक आजारी कोपरा
मी बैठकीत आणून ठेवला होता.

लक्ष्मीपुरीत इम्तियाजचं दुकान. आडनाव बागवान,
बाग पाण्यात.
कोपरापर्यंत हात टाकीत, मान वर न करता म्हणाला,
वॉट सांगू नका मिस्त्री, वॉट म्हणजे बिल.
झाडाला ल्युमेन लागतात. लिटर किती?
चोपन्न.
मग हजारभर झाले, बास.

माझा हात निळ्या-जांभळ्या पट्टीकडं गेला.
ती दुकानाची, म्हणाला, मासे विकायला.
तुम्ही पांढरा घ्या, साडेसहा हजार केल्व्हिन,
दुपारी बाराला उंबऱ्यात पडतो तसला.
खिडकीपासनं टाकी हलवा.
आणि दिवसाला सहा तास.

सहाच?

मुळं धरली की आठ करा. तवर सहा.
आणि हा टायमर घ्या.
तुमच्या हातनं बंद व्हायचा नाही,
तोंडावरनंच कळतंय.

पट्टी साडेआठशे, टायमर अडीचशे.
घासाघीस केली नाही.
धंद्यात मला आजवर कुणी
कमी घ्या म्हणालं नव्हतं.

परतताना महाद्वारापाशी गर्दी. किरणोत्सव.
मावळतीचं ऊन एवढ्या लांबनं आत जातं,
पायांना लागतं, मग कमरेला,
ढग आडवा आला नाही तर चेहऱ्याला.
घटकाभरसुद्धा नाही.
तेवढ्यासाठी सगळं गाव टाचा उंचावून.
आणि कुणी म्हणत नाही,
मिस्त्री, जरा एक फ्लड मारा.

घरी जुन्या एटीएम कार्डानं काच खरवडली.
तीन दिवस टाकीवर सोलापुरी चादर.
मग पट्टी लावली, चार ते दहा.
एक झाड विरघळलं, पार चिखल.
उपटू नका, म्हणाला होता. नाही उपटलं.
महिन्यानं त्याच जागी
तांबूस, गुंडाळलेलं, नखाएवढं काहीतरी.

आता संध्याकाळी बैठकीतली ट्यूब लावत नाही,
लावली की टाकी फिकी दिसते.
मंदाकिनीचं अर्धं डोकं दुखतं. लग्न झाल्यापासनं
ती म्हणत आलीय, ती ट्यूब बंद करा हो.
मी म्हणायचो, अंधारात काय बसायचं?

परवा कागलच्या लग्नात
पार्टीनं चाळीस दिवे मागितले.
तोंडातनं निघून गेलं, वीसात भागंल की.
पोरं माझ्याकडं बघत राहिली.
पार्टीनं दुसरा लाइटवाला केला.

रात्री दहाला टायमर टक् करतो.
मासे ओंडक्याखाली सरकतात.
पानावरचा शेवटचा बुडबुडा सुटला की नाही
ते दिसत नाही.
मी बटणाकडं हात नेतो.
असू दे, मंदाकिनी म्हणते, उठू नका.

मी उठत नाही.