आवृत्ती सात

वेर्ण्याच्या पठारावर, तिसऱ्या शेडमध्ये
मी नडगीचं छप्पर आखते.
टायटॅनियमची थाळी, खाली दांडा,
हाड झिजून खड्डा पडला असेल तर पाचर,
वर पांढरं प्लास्टिक:
दहा, बारा, चौदा मिलिमीटर.
सगळं सुटं. ज्याला जे लागेल ते.

नमुना घेऊन बेतूलला गेले, सगुण पागीकडे.
पुढच्या महिन्यात त्याचा उजवा गुडघा, मडगावला.
त्याला हा बसणार नाही, अजून मंजुरी कुठे आहे.
उलटी घातलेली होडी, डांबराचा वास,
पाय लांब करून तो भुशात बसलेला.

जोडणी त्यानं न सांगता ओळखली.
दांडा थाळीत बसवला, पिळला,
कानाशी नेऊन हलवून पाहिला.
"खिळो ना?"
नाही. निमुळतं निमुळत्यात शिरतं,
वजन पडेल तसं घट्ट होतं.
"म्हणजे माझ्याच भारानं."
हो.
"आणि सोडवायचं कसं?"
त्याला वेगळं अवजार आहे, म्हटलं.
"मग ते आधी दाखव."

अंगठा थाळीच्या कडेवरून नेत राहिला,
आतल्या अंगाला, मागे, जिथे
माझ्या पडद्यावर एक निळी रेघ वळते.
थांबला.
"हांगा लागता."

मला काहीच दिसलं नाही.
डोळे मिटून बोट फिरवलं तेव्हा सापडलं,
केसाएवढं.

रात्री शेडमध्ये कड गोल केली,
त्रिज्या अर्धा मिलिमीटर.
बदलाच्या कारणाच्या रकान्यात
स्नायुबंधाला घासण्याची शक्यता, असं लिहिलं.
कुणी निदर्शनास आणलं, या रकान्यात
बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं: होडीवाला, बेतूल.