डिसमिस

प्रतापनगरच्या पुलाखाली, उतार संपतो तिथे
आमचं गॅरेज. पाटी गुजरातीत, शिव्या हिंदीत,
हिशोबाची वही मराठीत. ती माझी.

स्क्रू ड्रायव्हरला बडोद्यात डिसमिस म्हणतात.
याकूबचाचांचा हातभर लांब आहे, लाकडी मुठीचा.
कान गेल्यापासून ते मूठ दातांत धरतात,
टोक टेकवतात इंजिनावर
आणि डोळे मिटतात.
कवटीतून ऐकतात.
"चार नंबर उशिरा पेटतोय."
उघडून बघावं, तर तसंच.

मी पंधराचा असताना
शिर्के वकिलांच्या डिझेल गाडीत पेट्रोल भरून आणलं.
अकोट्यापर्यंत आली, मग खोकली, मग नाहीच.
चाचांनी मारलं नाही.
टाकी रिकामी करायला लावली,
दोन वाट्या ठेवल्या पुढे,
आठ दिवस, रोज, डोळे बांधून: ओळख.

पेट्रोल तळहातावरून उडून जातं
गार जागा ठेवून.
डिझेल राहतं. साबणाला जुमानत नाही,
रात्री आईच्या भाकरीला त्याचा वास.
"पेट्रोलला ठिणगी लागते," चाचा म्हणाले,
"कुणीतरी चिमटा काढावा लागतो.
डिझेलमध्ये नुसती हवा दाबायची. इतकी दाबायची
की तिच्या तापानेच ते पेटतं, आपणहून."
त्याच महिन्यात वडिलांच्या हातात मिलचा कागद आला होता.
त्यावरही शब्द डिसमिस.
दुसरं उदाहरण मला लागलं नाही.

गॅसवाल्यांचं निराळं.
इंजिन पेट्रोलचंच, जेवण बदललेलं.
कोरडं खातं, व्हॉल्व्ह झिजतात, चढावर धाप लागते,
पण डिकीत बाटला घेऊन सुरतेला जाऊन येतं
आणि खिशाला कळू देत नाही.

खानविलकर बाई आल्या, हप्त्यांवरची नवी गाडी:
"सिग्नलला थरथरते हो. फसवलं का मला?"
"नाही बाई, तीन सिलिंडरची आहे.
चौघांनी उचललेलं कपाट जिन्यातून सरळ जातं.
तिघांनी उचललं तरी वर पोचतंच,
जरा झोके खात."
बाई म्हणाल्या,
"मग पैसे चौघांचे का घेतले?"

काल बॅटरीची गाडी आली. नुसतं पंक्चर होतं.
मालक चहाला गेला.
धृमिल, नवा पोऱ्या, आयटीआयचा,
बॉनेट उघडून म्हणाला, नारंगी वायरींना हात नको, चाचा.
चाचांनी वाकून वास घेतला.
पुन्हा घेतला.
माझ्याकडे पाहिलं, जसं लग्नघरात जाऊन
स्वयंपाकाचा वासच येऊ नये.
मग जॅक लावायला सांगितला, डिसमिस मागितला,
धृमिलने पाय हळूच दाबला.
चाकं फिरली. पुलावरून ट्रक गेला एक.
चाचांचे डोळे बराच वेळ मिटलेले.

"ही श्वास घेतच नाही," ते म्हणाले.
"शोषणं नाही, दाबणं नाही, पेटणं, फेकणं, काही नाही.
एकच सूर लावून बसलीय."
दातांतून मूठ काढली, पुसली.
"डाव्या बाजूचं बेअरिंग मात्र रडतंय."

मालक हसला. "गाडी दोन महिन्यांची आहे. आवाज कुठाय?"
आम्हालाही ऐकू आला नव्हता.
गेला तो.

वहीत लिहिलं: पंक्चर, ऐंशी रुपये.
खाली एक ओळ कोरी सोडली आहे,
तारीख घालून.