अंगठा

ऑर्वो लेह्तिसालो, वय अठ्ठावन्न,
तुर्कू शहरात औरा नदीवरची फेरीबोट चालवतो.
ह्या काठावरून त्या काठावर, दीड-दोन मिनिटं,
तिकीट नाही, नाव-गाव कुणी विचारत नाही.
मागच्या नोव्हेंबरात त्याचा उजवा हात थरथरू लागला
आणि लिव्हर हातात राहीना.

एमआरआय स्वच्छ. रक्त स्वच्छ.
"काही नाही," असं तीन डॉक्टरांनी सांगितलं,
चांगली बातमी दिल्यासारखं हसून.
मेव्हणा म्हणाला, काही नाही ना, मग धर की लिव्हर.
ते 'काही नाही'
रोज सकाळी त्याची अर्धी कॉफी सांडत होतं.

माझ्याकडे आला तेव्हा नदी गोठलेली होती.
मी डॉक्टर नाही, मी यंत्र चालवते.
कॉइल धरते डोक्याशी:
दोन वेटोळी शेजारी-शेजारी, चष्म्यासारखी,
फक्त तिच्यातून काही दिसत नाही.

आधी डॉ. व्रेडेबाईंनी त्याला
डाव्या हाताने टेबल वाजवायला लावलं.
टक. टक-टक. टक.
उजव्याची थरथर जराशी अडखळली,
कान दिल्यासारखी,
मग आली डाव्याच्या तालात,
उशिरा पोचलेला वादक जसा
हळूच खुर्ची ओढून बसतो.

"पाहिलंत?" बाई म्हणाल्या,
"पार्किन्सन्स असं कुणाचं ऐकत नाही."
ऑर्वो ओशाळला, खिशात काही सापडल्यासारखा.
"म्हणजे मीच करतोय?"
"हात करतोय. तुम्हाला न विचारता."

झोपलेल्याला उठवता येतं,
झोपेचं सोंग घेतलेल्याला नाही, असं म्हणतात.
हा हात झोपला नव्हता.
सोंगही नव्हतं ते; सोंगाला इतका घाम येत नाही.
हे तिसरंच काही.
त्याच्यासाठी म्हण केलेली नाही कुणी.

डाव्या कानाच्या वर चार बोटं,
मी जागा शोधली, टोपीवर पेनाने फुली केली.
ठक्.
मोठ्या स्टेपलरचा असतो तसा आवाज,
आणि त्याचा उजवा अंगठा
मांडीवरून उडाला.
परत बसला.
ठक्. पुन्हा उडाला.

ऑर्वो त्याच्याकडे बघत राहिला,
दुसऱ्याच्या पोराकडे बघावं तसा.
वर्षभर हा हात त्याला अंगठा दाखवत आला होता.
आजचा अंगठा निराळा होता,
साक्षीला उभा राहिल्यासारखा.

"म्हणजे दोर तुटलेला नाही," तो म्हणाला.
बोटवाल्यांची भाषा.
बाई म्हणाल्या, "नाही.
गाठ कुठे बसलीय ते शोधायचं."

आता जे सांगते ते त्याला सांगितलेलं नाही.
पलीकडच्या खोलीत दुसरी कॉइल आहे.
तीही ठक् करते, पण आत काही नाही,
चुंबक नाही, नुसता आवाज.
अभ्यासासाठी काहींना ती लावतात.
त्यातलेही दोघे-तिघे
हात हलवत घरी गेले.

आजारात काही सापडलं नव्हतं.
आता औषधातही नाही.
मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.
मी बाईंना विचारलं, मग बरं कोण करतं?
त्या चष्मा पुसत म्हणाल्या,
"तो रकाना अजून रिकामा आहे."

एप्रिलच्या शेवटी
बाजारातून बटाटे घेऊन मी बोटीवर चढले.
केबिनमध्ये ऑर्वो.
उजवा हात लिव्हरवर, स्थिर.
त्याने मला ओळखलं, मान हलवली,
आणि मी त्या हाताकडे पाहिलं, सवयीने.

करंगळी हलली आधी.
मग सगळा पंजा.

कुणी पाहिलं की अजून होतं, त्याने सांगितलं होतं.
मी वळले.
त्याच्याकडे पाठ करून कठड्याला टेकले,
पाण्यात उरलेला बर्फाचा एक तुकडा
कुठे जातो ते बघत,
बोट काठाला लागेपर्यंत.