पट्टी

बॉस्त्यांवबाबची डावी टाच
सलाईनमध्ये भिजत ठेवायची वीस मिनिटं,
म्हणजे जुनी पट्टी मांसाला न दुखवता सुटते.
त्या वीस मिनिटांत तो मला तावली शिकवतो.

पेटी बसऱ्याची.
बोटीवर असताना एका हमालानं पैशांऐवजी दिलेली.
उघडली की तिचाच पट होतो:
करवतीच्या दातांसारखी चोवीस घरं
आणि मधोमध लाकडाची आडवी येणारी पट्टी.

"म्हणजे सारीपाटच," मी म्हटलं.
"ना गो बाय. तुमच्या पटावर चौघं चार दिशांनी येतात.
इथे दोघंच. तू जातेस तिथून मी येतो.
वाटेत गाठ पडणारच. तोच खेळ."

सोंगट्या पंधरा-पंधरा.
मांडणी: दोन, पाच, तीन, पाच.
चोडणच्या फेरीत मी घोकत बसते,
शेजारची मासळीवाली विचारते, कुणाचा गो नंबर?

काळ्या माझ्या. त्यातली एक हरवलीय,
तिच्या जागी बोटीवरच्या कोटाचं पितळी बटण.
तो त्याला कप्तान म्हणतो.
कप्तानाला वेगळे अधिकार काही नाहीत.

पाच आणि तीन म्हणजे आठ नव्हे.
पाच, मग तीन.
मध्ये पाय टेकायला जागा हवी.
जिथे त्याच्या दोघी बसल्यात तिथे मी नाही उतरायचं.
एकटीच असेल तर मारायची.
पहिल्यांदा मारली तेव्हा मी सॉरी म्हणाले.
तो इतका हसला की सलाईन लादीवर सांडलं.

जोडी पडली तर तीच चाल चारदा.
तिया-तिया पडले की तो छताकडे बघून क्रूस करतो,
मला पडले की म्हणतो, फाशांना अक्कल नाही.

शेवटचा नियम त्यानं उशिरा सांगितला:
सगळ्या सोंगट्या घरात आल्याशिवाय
एकही बाहेर काढता येत नाही.
"आणि जिंकतो कोण?"
"ज्याचं घर आधी रिकामं होईल तो."
मग बंद असलेल्या तिन्ही खोल्यांकडे त्यानं एकवार पाहिलं.
"म्हणजे मी कधीचाच जिंकलोय."
मी पायाखालचं तसराळं उगाच सारखं केलं.

मारलेली सोंगटी मरत नाही.
मधल्या पट्टीवर बसते.
ती आत शिरेपर्यंत
बाकीच्या चौदांनी हलायचं नाही,
मग त्यांच्यापुढे रस्ता कितीही मोकळा असो.

हे मात्र मला दोनदा सांगावं लागलं नाही.
डिचोलीच्या कोर्टात तिसरं वर्ष तारखा पडताहेत माझ्या,
आणि धाकटीला आलेल्या स्थळांना
बाबा अजून सांगतात, जरा थांबा,
मोठीचं एकदा मार्गी लागू दे.

आज कप्तान पट्टीवर.
त्यानं आपली पाच घरं बांधून टाकलीत,
उघडं आहे ते फक्त एक्क्याचं.
छक्का-चौक. बंद.
पंजा-दुवा. बंद.
चौक-चौक. चारदा बंद.
तो मात्र टाकतो, चालतो, टाकतो, चालतो,
मधूनच विचारतो, साखर किती आली ग सकाळची?
दोनशे दहा, मी सांगते, आणि पुन्हा टाकते.

वीसाची पस्तीस मिनिटं झाली.
पट्टी केव्हाच सुटून पाण्यावर तरंगतेय,
टाच गुलाबी दिसते, कडा भरत आल्यात.

एक्का.

कप्तान आत.
दुसऱ्या फाशाचा तिया कुठल्या सोंगटीला द्यावा
याचा मी किती विचार केला!
पेला आपटत त्यानं टाकलं,
आणि एक पांढरी आणून माझ्या कप्तानाला मारलं.
पुन्हा पट्टीवर.
"सॉरी," तो म्हणाला, अगदी माझ्याच आवाजात.

धक्क्यावर साडेपाचच्या फेरीचा भोंगा झाला.
एक्क्याच्या घरात
आता त्याची एकटीच होती.

मी फासे उचलून पेल्यात टाकले.